मुलीच्या बनावट छायाचित्रावरून धमकी आली तेव्हा आम्ही काय केले

मार्च २०२५ मध्ये आमच्या नववीत शिकणाऱ्या मुलीला एका अनोळखी व्यक्तीने तिच्या बनावट नग्न छायाचित्रावरून धमकावले. त्यानंतर इन्स्टाग्रामकडे केलेल्या तक्रारीपासून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबापर्यंत जे जे करावे लागले, ते क्रमाने लिहावे असे मी तेव्हाच ठरवले होते. त्या दिवसांत मी रात्री जागून मराठीत असे काही शोधत होते आणि हाती लागत होता तो ‘मुलांना मोबाईल देऊ नका’ एवढाच उपदेश. मुलीचे नाव, आमचे गाव, शाळा आणि पोलीस ठाणे यांचा उल्लेख येथे नाही. पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम २३ नुसार बालकाची ओळख उघड करता येत नाही, आणि तसा कायदा नसता तरी मी ती केली नसती. मुलीने हा मजकूर वाचला आहे व तिला नको असलेली दोन वाक्ये मी काढली आहेत. मी वकील नाही. आमच्या प्रकरणात जे घडले आणि त्यासाठी जे वाचावे लागले, तेवढेच सांगते.

मुलगी चित्रे काढते आणि ती इन्स्टाग्रामवर टाकते. हे खाते ती अकरा वर्षांची असताना तिच्या मामेबहिणीने जन्मसाल बदलून उघडून दिले होते, त्यामुळे त्या कंपनीच्या दृष्टीने आमची मुलगी विशीतली होती. जानेवारीत ‘मी पण पंधरा वर्षांची आहे, मला पण चित्रे आवडतात’ असे म्हणणाऱ्या एका खात्याशी तिची ओळख झाली. काही आठवड्यांनी, चित्रांचे चांगले ग्रुप टेलिग्रामवर असतात असे सांगून त्या व्यक्तीने तिला तिकडे नेले. मुलीने स्नेहसंमेलनातले साडीतले छायाचित्र पाठवले होते. त्यातला चेहरा उचलून दुसऱ्या देहावर बसवला गेला. मग निरोप आला की, खरी छायाचित्रे पाठव किंवा पाच हजार रुपये दे, नाहीतर हे तुझ्या वर्गात जाईल. सोबत यूपीआयचा क्यूआर कोड होता. मुलीने घाबरून इन्स्टाग्रामवर त्या खात्याला ब्लॉक केले, तेव्हा तिच्याच नावाचे बनावट खाते उघडून ते चित्र वर्गातल्या तिघांना पाठवण्यात आले.

नंतर अनेकांनी आम्हाला हलक्या आवाजात विचारले की, तिने स्वतः काही पाठवले होते का. तिने पाठवले नव्हते; पण पाठवले असते तरी पुढची सगळी प्रक्रिया हीच राहिली असती. पोक्सो कायद्याच्या कलम ११ मध्ये बालकाचे खरे किंवा बनावट चित्रण वापरण्याची धमकी देणे हाच लैंगिक छळ मानला आहे, आणि मुलाने आधी काय केले होते हा प्रश्न त्या कलमात कुठेही नाही.

शुक्रवार, ७ मार्चच्या रात्री मुलीने हे सगळे प्रथम तिच्या आत्याला सांगितले, आम्हाला नाही. आत्या माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत आणि पोक्सोविषयीचे प्रशिक्षण त्यांनी घेतलेले आहे. त्या मुलीला घेऊन घरी आल्या आणि आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाल्या, “वहिनी, आधी तिला जेवायला वाढा. फोनला कोणी हात लावू नका.” माझ्या यजमानांना ते चॅट त्याच क्षणी पुसून टाकायचे होते, आणि कोणत्याही बापाला तसेच वाटेल. टेलिग्रामवर समोरची व्यक्ती दोन्ही बाजूंचे संदेश केव्हाही पुसू शकते, म्हणजे आपण पुसले नाही तरी पुरावा जाऊ शकतो, हे कळल्यावर मात्र त्यांनीच दुसऱ्या फोनवर चित्रीकरण सुरू केले.

त्या रात्री आम्ही काय काय जमवले ते तपशिलाने सांगते, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी हेच मागितले गेले. चॅट वरपासून खालपर्यंत सरकवत सलग चित्रीकरण केले, ज्यात तारीख आणि वेळ दिसत होती. त्या व्यक्तीच्या दोन्ही इन्स्टाग्राम खात्यांच्या पूर्ण लिंक उतरवून घेतल्या. केवळ नाव लिहून भागत नाही, कारण नाव कधीही बदलता येते. टेलिग्रामचे यूजरनेम, क्यूआर कोडमागचा यूपीआय आयडी आणि त्यावर दिसणारे नाव यांचेही स्क्रीनशॉट घेतले. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधून मुलीच्या खात्याची सगळी माहिती डाउनलोड करण्याची विनंती टाकून ठेवली; ती फाइल दुसऱ्या दिवशी आली आणि ब्लॉक केलेल्या खात्याबरोबरचा संवादही तिच्यात मिळाला. पैसे दिले नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते, हे पुढे पोलिसांनीही सांगितले. ते बनावट चित्र मात्र आम्ही नातेवाइकांना, ओळखीच्या वकिलांना किंवा कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवले नाही. पुराव्यासाठी म्हणून असे चित्र फिरवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि सप्टेंबर २०२४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर ते नुसते बाळगण्याविषयीही कायदा कडक झाला आहे. ते मुलीच्या फोनमध्ये जिथे होते तिथेच राहू दिले.

यानंतरचे काम दोन वेगळ्या वाटांनी करायचे असते आणि एका वाटेने दुसरीसाठी थांबायचे नसते, ही आत्याबाईंची सूचना मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटली. चित्र उतरवणे हे कंपन्यांचे काम आहे, माणूस शोधणे हे पोलिसांचे. ‘आधी एफआयआर होऊ द्या, मग चित्र काढायला सांगू’ असे एका परिचिताने सुचवले होते; तसे केले असते तर ते खाते आणखी काही दिवस चालू राहिले असते.

चित्राचे काम रात्रीच सुरू केले. बनावट खाते मुलीच्या आणि माझ्या खात्यावरून रिपोर्ट केले, आणि शिवाय कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दाखल केली. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे नग्नता दाखवणारा किंवा मॉर्फ (फेरफार) केलेल्या छायाचित्रासह तोतयेगिरी करणारा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढण्याची मुदत त्या वेळी होती, म्हणून तक्रारीत ‘नियम ३(२)(ब)’ असा स्पष्ट उल्लेख केला आणि मुलगी अल्पवयीन असल्याचे पहिल्याच वाक्यात लिहिले. दाद मिळाली नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते, पण आमच्यावर ती वेळ आली नाही. रविवारी, ९ मार्चला दुपारी ते खाते नाहीसे झाले. टेलिग्रामचा बालशोषणाच्या तक्रारींसाठी वेगळा ई-मेल पत्ता आहे. तिथे लिहिले, पण तिकडचे खाते बंद व्हायला बराच जास्त वेळ लागला.

‘टेक इट डाउन’ या सेवेची माहिती फार थोड्या पालकांना आहे. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राची, म्हणजे एनसीएमईसीची, ही विनामूल्य सेवा फेब्रुवारी २०२३ पासून आहे, आणि अठरा वर्षांखालील वयातील अशा चित्रांसाठी जगातून कुठूनही ती वापरता येते. चित्र आपल्या फोनमधून बाहेर जात नाही; त्याचा एक सांकेतिक क्रमांक, ज्याला हॅश म्हणतात, तेवढाच तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यांच्या खुल्या व्यासपीठांवर तेच चित्र आढळले तर ते अडवले जाते. चित्र कापले किंवा त्यावर काही लिहिले तर हॅश बदलतो, म्हणून प्रत्येक वेगळ्या प्रतीसाठी पुन्हा नोंद करावी लागते. व्हॉट्सॲपवरचे खासगी संदेश यात येत नाहीत. तरीही त्या रात्री, काही तरी आपल्या हातात आहे असे मुलीला पहिल्यांदा वाटले ते हा अर्ज तिने स्वतः भरला तेव्हा.

शनिवारी सकाळी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन केला. ही हेल्पलाइन मुख्यतः पैसे गेलेल्या प्रकरणांसाठी आहे. आमचे पैसे गेले नव्हते, म्हणून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवण्यास सांगण्यात आले. तो ८ मार्च होता आणि माझा फोन महिला दिनाच्या गुलाबी शुभेच्छांनी भरून वाहत होता. पोर्टलवर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देता तक्रार करण्याची सोय आहे, पण तशी तक्रार केली तर पुढे काय झाले ते पाहता येत नाही, म्हणून आम्ही मोबाईल क्रमांक देऊन तक्रार केली. घटनेचे वर्णन आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवावे, कारण ठरावीक लांबीपेक्षा लहान मजकूर आणि काही विशेष चिन्हे तो अर्ज स्वीकारत नाही. शेवटी पोचक्रमांक मिळतो. तो कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक टेबलावर तोच विचारतात.

सोमवारी, १० मार्चला आम्ही जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. पोर्टलवरची तक्रार हद्दीनुसार स्थानिक ठाण्याकडे वर्ग झाली आहे असे तिथे कळले. स्थानिक ठाण्यात अंमलदारांनी आमचे शांतपणे ऐकले, पण ‘तुमचा अर्ज घेतो, चौकशी करून बघू, मुलीचे नाव कशाला कागदावर आणता’ असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, आमची काळजीच होती. पण अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. आत्याबाईंनी त्यांना दोन गोष्टी नम्रपणे सांगितल्या. पोक्सोच्या कलम १९ नुसार मिळालेली माहिती नोंदवावीच लागते आणि ती न नोंदवणे कलम २१ नुसार शिक्षापात्र आहे, ही पहिली. दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीविना पोलीस तपास करू शकतात अशा, गुन्ह्यात एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे, ही दुसरी. अंमलदार आत जाऊन आले आणि मग अडचण वेगळीच निघाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि निरीक्षक होळी व धुळवडीच्या बंदोबस्ताच्या बैठकांत होते.

बुधवारी, १२ मार्चला एफआयआर झाला. फिर्यादी मी. पोक्सोचे कलम १२, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब आणि भारतीय न्याय संहितेतील खंडणी व धमकीची कलमे लागली. टंकलेखनाला सायंकाळ झाली. सही करण्यापूर्वी मी प्रत्येक लिंक अक्षर न् अक्षर ताडून पाहिली आणि एका लिंकमध्ये एक अक्षर गळलेले सापडले. तेवढ्याने पोलिसांचे पत्र भलत्याच खात्यासाठी गेले असते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल या भीतीने मी दोन रात्री झोपले नव्हते. लैंगिक गुन्ह्यांचे आणि पोक्सोचे एफआयआर अपलोड करू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१६ पासून निर्देश आहेत, हे मला ठाण्यातच समजले.

मुलीला आम्ही पोलीस ठाण्यात नेले नाही. पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. आम्ही तशी लेखी विनंती दिली आणि शनिवारी, १५ मार्चला एक महिला अधिकारी सलवार-कमीजमध्ये घरी आल्या. त्यांनी सुरुवात चित्रांच्या वहीपासून केली आणि अर्धा तास मूळ विषय काढलाच नाही. मी शेजारी बसले होते. मुलीचे एक वाक्य मी पूर्ण करायला गेले तेव्हा त्यांनी हाताने मला थांबवले. प्रत्यक्ष शारीरिक संपर्काचा प्रश्नच नसल्याने वैद्यकीय तपासणी करावी लागली नाही.

अशा प्रकरणाची माहिती पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला द्यायची असते. समितीने आम्हाला पुढच्या आठवड्यात बोलावले. पालकांचीच झडती होईल असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मुलगी घरी सुरक्षित आहे का, शाळेत जाते का, समुपदेशन हवे का, एवढेच विचारले गेले. समितीकडून सहायक व्यक्ती मागता येते, जी तपासाच्या आणि न्यायालयाच्या कामात कुटुंबाबरोबर राहते. आम्ही ती मागितली, आणि ज्यांच्या घरात आत्याबाई नाहीत त्यांनी तर ती नक्कीच मागावी. मोफत वकील हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

शाळेचा भाग मला सर्वांत जड गेला. तक्रारीत शाळेचे नाव येऊ नये अशी मुख्याध्यापकांची पहिली विनंती होती, आणि वातावरण निवळेपर्यंत मुलीने घरी बसून अभ्यास करावा ही दुसरी. दुसरीला आम्ही स्पष्ट नकार दिला. वर्गशिक्षिकेने मात्र गाजावाजा न करता चित्र मिळालेल्या तिन्ही मुलांच्या पालकांना बोलावून, ते पुढे पाठवले तर काय होऊ शकते हे सांगितले आणि कुणी पाठवले आहे का याची खात्री करून घेतली. त्या तिघांपैकी एकाने पहिल्याच दिवशी ते खाते रिपोर्ट केले होते. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होती. मुलीने ती वर्गात बसूनच दिली.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब परीक्षेनंतर, २९ एप्रिलला झाला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून पोलीस त्याला अजूनही ‘१६४ चा जबाब’ म्हणतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १८३ खाली येतो, म्हणून कागद शोधताना दोन्ही क्रमांक माहीत असावेत. सकाळी अकराची वेळ दिली होती, आत बोलावले ते जेवणाच्या सुट्टीनंतर. डबा, पाणी आणि वाचायला काही तरी बरोबर न्या. जबाब चेंबरमध्ये झाला, वीस-पंचवीस मिनिटांत, आणि मुलगी बाहेर आल्यावर म्हणाली की, न्यायाधीश बाईंनी तिला हवे ते तिच्याच शब्दांत बोलू दिले.

फोन जप्त झाला, याची तयारी आधीच ठेवावी. पंचनाम्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, व फोनची स्थिती नीट लिहिली आहे का ते पाहावे, सिम कार्ड काढून घेता येईल का ते विचारावे, आणि मुलीच्या अभ्यासाच्या नोंदी व छायाचित्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत. आम्ही दुसऱ्या फोनवर केलेले चित्रीकरण पेनड्राइव्हवर दिले, तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागले. जुन्या पुरावा कायद्यातले ‘६५-ब’ म्हणजेच हे, पण आता त्याचे दोन भाग आहेत. पहिला आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. ठाण्यात याचा छापील नमुना होता. फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला आणि न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमीपत्रावर, परत मिळाला तो सप्टेंबरमध्ये.

खर्चाचे सांगायचे तर सरकारी प्रक्रियेत कुठेही शुल्क नव्हते आणि कुणी मागितलेही नाही. एका वकिलांचा सल्ला १,५०० रुपयांत घेतला, समुपदेशकांचे दर भेटीला ८०० रुपये होते, बाकी झेरॉक्स, पेनड्राइव्ह, रिक्षा आणि माझ्या बिनपगारी रजा. समुपदेशन परवडत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मी स्वतः एका रात्री त्यावर मराठीत बोलले आहे. मुलांना स्वतः मदत मागायची असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

तपासाविषयी खरे सांगायचे तर त्याची गती आपल्या मनाच्या गतीने चालत नाही. पोलिसांनी कंपन्यांना खात्याची माहिती जपून ठेवण्याचे पत्र सुरुवातीलाच पाठवले, आणि हे झाले का असे आपण विचारलेच पाहिजे, कारण उशीर झाला तर नोंदी उरत नाहीत. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, मिळाला तरी एकाच पत्त्यामागे शेकडो मोबाईल असू शकतात, त्यामुळे अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक लागतो. यूपीआय खाते दुसऱ्या राज्यातील एका तरुणाचे निघाले, ज्याने ते कमिशनवर कुणाला तरी वापरायला दिले होते. त्याचा जबाब झाला आहे. त्याच्यामागचा माणूस मी हे लिहीत असताना सापडलेला नाही. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. आम्हाला आपणहून कळवले गेले नाही; त्या कलमाचा उल्लेख करून एक पानी अर्ज दिला, तेव्हा उत्तर आले.

घरातले नियम आम्ही मे महिन्यात, मुलीला बरोबर घेऊन ठरवले. इन्स्टाग्रामवर खरी जन्मतारीख टाकल्याबरोबर तिचे खाते किशोरवयीनांसाठीचे झाले. भारतात ही सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. तिच्यात खाते आपोआप खासगी होते, अनोळखी लोक संदेश पाठवू शकत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात, आणि सोळा वर्षांखालील मुलांना हे बंधन सैल करायला पालकांची परवानगी लागते. खोटे जन्मसाल टाकलेल्या खात्याला यातले काहीही मिळत नाही, म्हणून मुलांच्या फोनमध्ये पासवर्ड तपासण्यापूर्वी जन्मतारीख तपासा. तिचे चॅट आम्ही वाचत नाही. कुणी दुसऱ्या ॲपवर चल म्हणाले, तर ते घरात कुणाला तरी सांगायचे, मग ते आम्हाला असो वा आत्याला, असे ठरले आहे. चित्रांचे खाते तिने ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केले. टेलिग्राम परत घ्यायचे की नाही, यावर तिचे आणि तिच्या वडिलांचे अजून एकमत झालेले नाही.